दीर्घायुष्याचा ताळेबंद : संपन्न राष्ट्रांवरील असंसर्गजन्य रोगांचा भार

सन १९०० च्या सुमारास अमेरिकेत जन्मलेल्या बालकाचे अपेक्षित आयुर्मान जेमतेम ४७ वर्षे होते. न्यूमोनिया व इन्फ्लुएंझा, क्षय आणि अतिसार या कारणांनी त्या काळी एकूण मृत्यूंपैकी सुमारे एक-तृतीयांश मृत्यू ओढवत. आज त्याच देशात आयुर्मान ७८ वर्षांच्या पुढे गेले आहे आणि मृत्यूच्या कारणांत हृदयविकार व कर्करोग अग्रस्थानी आहेत. स्वच्छ पाणी, सकस आहार, लसीकरण आणि प्रतिजैविके यांनी साथीच्या रोगांवर मात केली. परंतु त्यामुळे संपन्न राष्ट्रांचा आरोग्यावरील खर्च मात्र कमी झाला नाही. उलट तो राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा अधिक वेगाने वाढत गेला. रोगांमुळे येणारे मृत्यू लांबणीवर पडत असताना रोगांचा आर्थिक भार का वाढतो, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकालीन असंसर्गजन्य रोगांच्या स्वरूपात दडलेले आहे.

व्याख्या आणि एक नेहमीचा गैरसमज

एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जंतूंमार्फत न पसरणारे, सावकाश वाढणारे आणि बहुधा आयुष्यभर सोबत करणारे रोग या वर्गात मोडतात. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार (पक्षाघातासह), कर्करोग, श्वसनसंस्थेचे दीर्घकालीन विकार आणि मधुमेह हे त्यांतील चार प्रमुख गट होत. 'दीर्घकालीन' आणि 'असंसर्गजन्य' हे शब्द समानार्थी नाहीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. क्षय किंवा एचआयव्हीचा संसर्ग दीर्घकाळ टिकतो, पण तो संसर्गजन्यच असतो.

'उच्च उत्पन्न गटातील देश' हे वर्गीकरण जागतिक बँकेचे आहे. दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न हा त्याचा निकष असून सीमारेषा दरवर्षी बदलते. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षासाठी ती १४,००५ डॉलर इतकी होती. या गटातील देशांत दर दहा मृत्यूंपैकी आठांहून अधिक मृत्यू असंसर्गजन्य रोगांमुळे होतात.

यावरून हे 'श्रीमंतांचे रोग' आहेत असा समज रूढ झाला. तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात ४ कोटी ३० लाखांहून अधिक लोक या रोगांनी मरण पावले. त्यांपैकी वयाच्या सत्तरीपूर्वी मरण पावलेल्यांची संख्या १ कोटी ८० लाख होती आणि या अकाली मृत्यूंपैकी ८२ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. संपन्न देशांत या रोगांचा एकूण मृत्यूंतील वाटा मोठा दिसतो, याचे एक कारण असे की तेथे मृत्यूची इतर कारणे मागे पडली आहेत. दुसरे असे की तेथे वृद्धांचे प्रमाण अधिक आहे. म्हणूनच दोन देशांची किंवा दोन कालखंडांची तुलना करताना केवळ ढोबळ मृत्युदर पाहून चालत नाही, वयोरचनेतील फरक वजा करून काढलेला 'वय-प्रमाणित' मृत्युदर पाहावा लागतो. या दुसऱ्या मोजपट्टीने पाहिल्यास गेल्या पन्नास वर्षांत संपन्न राष्ट्रांत हृदयविकाराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले आहेत. मृत्युदर घटला आणि भार मात्र वाढला, हे कोडे येथूनच सुरू होते.

रूझवेल्ट ते फ्रॅमिंगहॅम

रोगांच्या स्वरूपातील या बदलाला १९७१ मध्ये अब्देल ओमरान यांनी 'रोगप्रसारविषयक संक्रमण' असे नाव दिले. साथी व दुष्काळ यांचे युग, साथी ओसरण्याचे युग आणि मानवनिर्मित व झिजेच्या रोगांचे युग असे तीन टप्पे त्यांनी कल्पिले होते. मात्र सिद्धान्त मांडला जाण्याच्या कितीतरी आधी वस्तुस्थिती बदलली होती. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली देशाच्या अध्यक्षांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत होता आणि वैद्यकशास्त्राजवळ त्यावर परिणामकारक औषध नव्हते. रक्तदाब वयानुसार वाढायचाच, असे मानण्याकडे त्या काळी बऱ्याच डॉक्टरांचा कल होता.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने राष्ट्रीय हृदय अधिनियम संमत केला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. रुग्ण होण्यापूर्वीच माणसांची नोंद घ्यायची आणि पुढे त्यांतील कोणाला कोणता विकार जडतो हे पाहत राहायचे, अशी ही पद्धत होती. उच्च रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध तिने प्रस्थापित केला. आज सर्वतोमुखी झालेला 'जोखीम घटक' हा शब्दप्रयोग १९६१ मध्ये याच पाहणीतून रूढ झाला. दरम्यान ब्रिटनमध्ये १९५० साली रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला होता.

ज्ञान हाती आले. ते अमलात कसे आणायचे, हा प्रश्न वेगळा होता. त्याचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिका किंवा ब्रिटनने नव्हे, तर फिनलंडच्या एका मागास प्रांताने दिले.

नॉर्थ कारेलियाचा धडा

रशियाच्या सीमेलगतचा नॉर्थ कारेलिया हा जंगलांचा, लाकूडतोड्यांचा आणि लहान दूधउत्पादकांचा प्रदेश. लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार. १९६० च्या दशकाच्या अखेरीस येथील मध्यमवयीन पुरुषांमधील हृदयविकाराचा मृत्युदर जगातील सर्वाधिक दरांपैकी एक होता. कष्टकरी, सडपातळ, उघड्यावर काम करणारी माणसे चाळिशी-पन्नाशीत कोसळत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या बऱ्या दिवसांनी त्यांच्या ताटात लोणी, मलईयुक्त दूध, चरबीयुक्त मांस आणि भरपूर मीठ आणले होते. जवळजवळ ९० टक्के लोक पावाला लोणी लावून खात आणि निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत. भाजीपाला हे गुरांचे खाद्य, अशीच तेथील भावना होती.

१९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारकडे मदतीची याचिका दाखल केली. पुढील वर्षी सुरू झालेल्या प्रकल्पाची धुरा पेक्का पुस्का या २७ वर्षांच्या डॉक्टरकडे सोपविण्यात आली. प्रकल्पाने नवी रुग्णालये बांधण्याचा मार्ग धरला नाही. रुग्ण होण्याची शक्यता असलेल्या मूठभरांवर उपचार करण्याऐवजी संपूर्ण लोकसमूहाचा सरासरी रक्तदाब व सरासरी कोलेस्टेरॉल थोडे खाली आणावयाचे, हे त्याचे सूत्र होते. सर्वांमध्ये झालेली थोडी सुधारणा ही थोड्यांमध्ये झालेल्या मोठ्या सुधारणेपेक्षा अधिक मृत्यू टाळते, हे त्यामागील गणित.

'मार्था' या गृहिणींच्या संघटनेने गावोगावी स्वयंपाकाच्या संध्याकाळी भरविल्या आणि नेहमीच्याच रश्शात चरबी कमी, भाज्या जास्त घालून तो लोकांना चाखवला. स्थानिक सॉसेज उत्पादकांना चरबीचा काही भाग काढून त्याजागी अळंबी घालण्यास राजी करण्यात आले. धूम्रपान सोडण्याच्या स्पर्धा गावागावांत लागल्या. राष्ट्रीय पातळीवर १९७६ च्या तंबाखू कायद्याने जाहिरातींवर बंदी आली.

खरा संघर्ष मात्र अर्थकारणाचा होता. दूधउत्पादन हाच प्रांताचा मुख्य व्यवसाय असल्याने लोण्याविरुद्धची मोहीम ही शेतकऱ्यांना आपल्या पोटावर आलेली कुऱ्हाड वाटली. फिनलंडमध्ये दुधाचा दर त्यातील स्निग्धांशावर ठरत असे. अधिक चरबी म्हणजे अधिक भाव. भारतातील दूधउत्पादकांना हे गणित नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही! कालांतराने तेथे दरातील स्निग्धांशाचे महत्त्व कमी करून प्रथिनांना वजन देण्यात आले. रानफळांना पोषक असलेल्या उत्तरेकडील हवामानाचा लाभ घेऊन शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळविण्यासाठी शासकीय साहाय्याने स्वतंत्र प्रकल्प राबविला गेला. स्वयंपाकासाठी देशात पिकणाऱ्या एका प्रकारच्या मोहरीवर्गीय तेलबियांचे तेल पुढे आले. म्हणजे आहारविषयक उपदेशाच्या जोडीला उत्पादकाच्या उत्पन्नाची पर्यायी व्यवस्था झाली, तेव्हाच मोहिमेने मूळ धरले.

सुमारे चाळीस वर्षांच्या अवधीत प्रांतातील कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचा मृत्युदर ८० टक्क्यांहून अधिक घटला. या यशाविषयी मतभेद नाहीत असे मात्र नाही. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्युदर बराच खाली आला होता. त्यामुळे घट नेमकी प्रकल्पामुळेच झाली का, असा आक्षेप घेण्यात आला. प्रकल्पाच्या समर्थकांचे उत्तर असे की वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि राष्ट्रीय धोरण प्रांताच्या सीमेवर थांबत नाही. पाच वर्षांनंतर तर कार्यक्रम देशभर नेण्यात आला. सामाजिक प्रयोगांत 'नियंत्रण गट' शुद्ध ठेवणे किती कठीण असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

यशाचे अपयश

हृदयविकाराच्या मृत्यूंतील घट किती प्रमाणात प्रतिबंधामुळे आणि किती उपचारांमुळे झाली? १९८० ते २००० या काळातील अमेरिकेविषयीचे एक बहुचर्चित विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार घटीचा सुमारे ४७ टक्के भाग उपचारांच्या आणि ४४ टक्के भाग जोखीम घटकांतील सुधारणेच्या पदरात पडतो. त्याच काळात वाढलेला लठ्ठपणा आणि मधुमेह यांनी लाभाचा काही भाग गिळून टाकला, असेही त्यात दिसून आले. एकूणात निम्मे-निम्मे श्रेय म्हणता येईल. परंतु आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांत कोविडपूर्व काळात एकूण आरोग्यखर्चापैकी प्रतिबंधावर होणारा खर्च तीन टक्क्यांच्या आसपासच होता. श्रेयाची आणि पैशाची वाटणी एवढी विषम असलेले दुसरे क्षेत्र सहजासहजी सापडणार नाही.

उपचाराने वाचलेला रुग्ण बरा होतोच असे नाही. तो पुष्कळदा 'रुग्ण म्हणून जगतो'. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यातून बचावलेली व्यक्ती वीस वर्षे औषधे घेते, तिचे हृदय हळूहळू दुबळे होते, पुढे मूत्रपिंडे थकतात. १९७७ मध्ये अर्नेस्ट ग्रुएनबर्ग यांनी या स्थितीला 'यशाचे अपयश' असे समर्पक नाव दिले. वैद्यकाने मृत्यू लांबवला, पण आजारपण लांबवले नाही. परिणामी समाजातील आजारपणाची एकूण वर्षे वाढली, असा त्यांचा युक्तिवाद होता. तीनच वर्षांनी जेम्स फ्राइज यांनी विरुद्ध बाजू मांडली. त्यांच्या मते मानवी आयुष्याला नैसर्गिक मर्यादा असून, रोग सुरू होण्याचे वय पुढे ढकलता आले तर आजारपणाचा काळ आयुष्याच्या अखेरच्या थोड्या वर्षांत आकुंचन पावेल.

या वादाचा निकाल लावण्यासाठी केवळ मृत्यू मोजणे पुरेसे नव्हते. जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालाने 'डॅली' हे परिमाण सर्वांसमोर आणले. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपण वा विकलांगतेसह जगलेली वर्षे (तीव्रतेनुसार भार देऊन) यांची ती बेरीज होय. संपन्न राष्ट्रांत या बेरजेतील दुसऱ्या पदाचे महत्त्व वाढत गेले आहे. पाठदुखी, नैराश्य, मधुमेह, स्मृतिभ्रंश अशा व्याधी मृत्यूच्या यादीत क्वचितच ठळकपणे दिसतात, पण या हिशेबात मात्र त्या उठून दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीवर आधारलेल्या एका अभ्यासानुसार २०१९ मध्ये अमेरिकेतील एकूण आयुर्मान आणि निरोगी आयुर्मान यांतील अंतर १२.४ वर्षे, म्हणजे १८३ देशांत सर्वाधिक होते. निदान अमेरिकेपुरते तरी ग्रुएनबर्ग यांचे पारडे जड दिसते.

खर्च कोण सोसतो?

अमेरिकेने २०२३ मध्ये आरोग्यावर सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १७.६ टक्के खर्च केला. तेथील रोगनियंत्रण केंद्रांच्या मते राष्ट्रीय आरोग्यखर्चापैकी सुमारे ९० टक्के खर्च दीर्घकालीन व मानसिक विकार असलेल्या व्यक्तींवर होतो. केवळ निदान झालेल्या मधुमेहाचा २०२२ मधील खर्च अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ४१ हजार २९० कोटी डॉलर इतका काढला. त्यात प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च ३० हजार ६६० कोटींचा, तर उरलेला १० हजार ६३० कोटींचा भाग घटलेली उत्पादकता, गैरहजेरी आणि अकाली मृत्यू यांचा, म्हणजे अप्रत्यक्ष खर्च होता.

एखादा धोरणात्मक निर्णय या खर्चाला कशी दिशा देतो, हे मूत्रपिंडाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेने मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या जवळजवळ सर्व रुग्णांना, वयाची अट न घालता, वृद्धांसाठीच्या 'मेडिकेअर' योजनेत सामावून घेतले. निर्णय मानवतेचा होता. डायलिसिसची यंत्रे थोडी असल्यामुळे कोणाला जगवायचे हे समित्या ठरवीत, त्या लज्जास्पद प्रथेला त्याने पूर्णविराम दिला. तेव्हा लाभार्थी सुमारे दहा हजार होते. पुढे डायलिसिसवरील रुग्णांची संख्या पाच लाखांपलीकडे गेली. मेडिकेअरच्या लाभार्थींपैकी सुमारे एक टक्का असलेला हा गट योजनेच्या खर्चाचा सुमारे सात टक्के वाटा घेत आला आहे. मूत्रपिंडे निकामी होण्याची तेथील सर्वांत मोठी दोन कारणे मधुमेह व उच्च रक्तदाब ही आहेत. शेवटच्या टप्प्यातील उपचाराची हमी देणाऱ्या राज्यसंस्थेने पहिल्या टप्प्यातील रक्तदाब तपासणीची तशीच सार्वत्रिक हमी मात्र दिली नव्हती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

खर्चवाढीचे आणखी एक कारण अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांच्या विवेचनातून समजते. कारखान्यात यंत्रामुळे एका कामगाराचे उत्पादन वाढते. परंतु पक्षाघात झालेल्या रुग्णाला आंघोळ घालण्यास परिचारिकेला पूर्वी लागे तेवढाच वेळ आजही लागतो. तिचे वेतन मात्र इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वाढवावे लागते. साहजिकच शुश्रूषेची सापेक्ष किंमत सतत चढत राहते. दीर्घकालीन रोगांत उपचारापेक्षा शुश्रूषेचा वाटा मोठा असल्याने त्यांना हा नियम विशेष लागू पडतो.

जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने एप्रिल २००० मध्ये शुश्रूषेसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला तो याच पार्श्वभूमीवर. जपानमध्ये वयाच्या चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. खर्चाचा निम्मा भाग हप्त्यांतून आणि निम्मा करांतून उभा राहतो. शुश्रूषेस पात्र ठरलेल्यांची संख्या आरंभीच्या सुमारे २२ लाखांवरून पुढील दोन दशकांत ७० लाखांच्या घरात पोहोचली. तोपर्यंत हे काम प्रामुख्याने घरातील सुना आणि मुली विनामोबदला करीत होत्या आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्याची नोंदच नव्हती. विमा आल्याने खर्च 'वाढला' असे म्हणताना, त्यातील काही भाग पूर्वीपासून अस्तित्वात होता आणि फक्त आता दिसू लागला, याचे भान ठेवले पाहिजे.

श्रीमंत देशातील विषमता

ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा मोफत उपलब्ध आहे. तरीही तेथील आजारपणाची वाटणी समान नाही. १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल' पाहणीत लंडनमधील सुमारे १८ हजार पुरुष शासकीय कर्मचाऱ्यांचा मागोवा घेण्यात आला. यांतील कोणीही बेकार वा निराधार नव्हता. सारे कार्यालयात बसून काम करणारे होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचा मृत्युदर सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. आणखी लक्षणीय बाब अशी की मृत्युदर पायरीपायरीने चढत होता. दुसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीतील अधिकारीदेखील पहिल्या श्रेणीच्या मागे होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांतील फरकांनी या तफावतीचा काही भागच उलगडला. उरलेला भाग कामावरील अधिकाराचा अभाव, बालपणीची परिस्थिती आणि सामाजिक स्थान यांत शोधावा लागतो, असे मायकेल मार्मट यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्याच अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्ये दाखवून दिले की ग्लासगो शहरातील कॅल्टन वस्तीत जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुर्मान जवळच्या लेन्झी येथील मुलापेक्षा २८ वर्षांनी कमी होते.

अमेरिकेत तर २०१४ ते २०१७ या काळात एकूण आयुर्मानच किंचित घसरले. अ‍ॅन केस व अँगस डीटन यांनी पदवी नसलेल्या मध्यमवयीन गौरवर्णीयांमधील मादक द्रव्ये, मद्य आणि आत्महत्या यांच्याशी निगडित मृत्यूंकडे लक्ष वेधले. त्याच सुमारास हृदयविकाराच्या मृत्युदरातील दीर्घकालीन घटही मंदावली होती. प्रगती उलटी फिरू शकते, ही बाब ओमरान यांच्या टप्प्यांत बसत नाही.

करांचा प्रयोग

व्यक्तीच्या सवयींचा खर्च विमा आणि कर यांद्वारे इतरांवर पडत असेल, तर शासनाने किमतींमध्ये हस्तक्षेप करावा काय? तंबाखूबाबत हा वाद जवळजवळ मिटला आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये सुमारे ४२ टक्के प्रौढ सिगारेट ओढीत. २०२२ मध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या खाली आले. त्यात करवाढीचा वाटा मोठा आहे. अन्नपदार्थांबाबत मात्र अनुभव संमिश्र आहे.

डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त चरबीवर प्रति किलो १६ क्रोनर कर बसविला. नागरिक जर्मनीत व स्वीडनमध्ये जाऊन खरेदी करू लागले, उत्पादकांनी हिशेबाच्या कटकटीविरुद्ध तक्रारी केल्या आणि जानेवारी २०१३ पासून कर रद्द झाला. ब्रिटनने निराळी वाट धरली. मार्च २०१६ मध्ये शर्करायुक्त शीतपेयांवरील आकारणी जाहीर झाली, पण ती लागू झाली एप्रिल २०१८ मध्ये. दर १०० मिलिलिटरमध्ये ८ ग्रॅम वा अधिक साखर असल्यास प्रति लिटर २४ पेन्स, ५ ते ८ ग्रॅम असल्यास १८ पेन्स आणि त्याहून कमी असल्यास काहीही नाही, अशी रचना होती. मधल्या दोन वर्षांत अनेक कंपन्यांनी आपल्या पेयांतील साखरच कमी केली. आरंभी पहिल्या वर्षी ५२ कोटी पौंडांच्या महसुलाची अपेक्षा व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात सुमारे २४ कोटी जमा झाले. अर्थ खात्याच्या दृष्टीने एरवी हे अपयश ठरले असते. येथे मात्र महसूल जितका कमी, तितके धोरण सफल. ग्राहकाची सवय बदलण्यापेक्षा उत्पादकाची कृती बदलणे सोपे असते आणि पायऱ्यांची कररचना त्यासाठी साध्या एकसमान करापेक्षा उपयुक्त ठरते, हा या दोन देशांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष परीक्षार्थींनी टिपून ठेवण्याजोगा आहे.

हर्टफर्डशायर ते पुणे

रोगाचा पाया प्रौढपणीच्या सवयींत असतो, हे गृहीतक १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी हलविले. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी प्रत्येक नवजात बालकाचे वजन वहीत टिपून ठेवीत. त्या जुन्या वह्यांची सांगड पुढील मृत्युनोंदींशी घातली असता, जन्मतः कमी वजन असलेल्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू अधिक आढळले. म्हणजे संपन्न देशांतील वृद्धांच्या रोगाचे मूळ त्यांच्या मातांच्या दारिद्र्यात असू शकते.

लंडनच्या साउथॉल भागातील पाहणीने १९९१ मध्ये दाखवून दिले की तेथील दक्षिण आशियाई वंशाच्या मध्यमवयीन लोकांत मधुमेहाचे प्रमाण १९ टक्के, तर युरोपीय वंशाच्या शेजाऱ्यांत ते ४ टक्के होते. शहर एक, आरोग्य सेवा एक, तरीही जवळजवळ पाचपट फरक. या फरकाचा शोध घेणारे एक महत्त्वाचे काम महाराष्ट्रात झाले. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली गर्भवती मातांची पाहणी सुरू झाली आणि तेथील बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी करण्यात आली. साउदॅम्प्टनच्या बाळाचे सरासरी वजन ३.५ किलो, पुण्याजवळच्या बाळाचे २.७ किलो. मात्र ही तूट स्नायू आणि पोटातील अवयव यांत मोठी, तर त्वचेखालील चरबीत थोडी होती. वजनाने किरकोळ, पण शरीररचनेने स्थूल अशा या बाळांची इन्शुलिनची पातळीदेखील त्यांच्या वजनाच्या मानाने अधिक होती.

आरोग्याचे अंदाजपत्रक वर्षाचे असते. अशा गुंतवणुकीचा परतावा मात्र चाळीस-पन्नास वर्षांनी, बहुधा निराळ्याच शासनाच्या काळात मिळतो. नॉर्थ कारेलियाला परतावा पदरात पडण्यास एक पिढी लागली. येथे तर दोन लागतील. पुण्याजवळच्या त्या गावांत १९९३ नंतर जन्मलेली मुले-मुली किशोरवयात आली, तेव्हा २०१२ मध्ये त्यांना ब१२ जीवनसत्त्व व इतर सूक्ष्म पोषक द्रव्ये देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याचा परिणाम पाहावयाचा होता तो त्यांच्या पोटी जन्मणाऱ्या बाळांवर.